आसन क्रमांक ज-१४

माझा स्वभाव संशयी आहे असं माझी बायको चारचौघांत सांगते. ते खरं नाही. संशय हा माझा स्वभाव नसून माझी नोकरी आहे. गेली सव्वीस वर्षं मी परीक्षा विभागात बैठक व्यवस्था बघतो. कोणी कुठे बसायचं, कोणाच्या मागे कोणी बसायचं नाही, आणि पुढच्याच्या पाठीकडे फार वेळ बघणाऱ्याकडे आपण किती वेळ बघायचं, हे मी ठरवतो. इतकी वर्षं हे केल्यावर दवाखान्याच्या बाकावर दोघं शेजारीशेजारी खोकले, तरी कोण कोणाचं बघून खोकला असा प्रश्न मला पडतो. त्याला मी काय करणार?

त्यामुळे मेहुण्याचा सिनेमा बघायला आम्ही सगळे मिळून जायचं ठरलं, तेव्हा बैठक व्यवस्थेचा तक्ता मीच केला. तक्ता उत्तम झाला होता. त्याच्या मी सहा प्रती काढल्या आणि सहावी प्रत माहितीसाठी मेहुण्याला दिली, तिथे माझं चुकलं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वय अठ्ठेचाळीस. दिवसा पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम करतो आणि संध्याकाळी हौशी नाटकांत. बावीस वर्षांत त्याने नाटकात दार उघडलं, तार आणून दिली, पहिल्या अंकात खून करून घेतला आणि पडदा पडेपर्यंत कोचामागे निपचित पडून राहिला. अशा माणसाला अचानक सिनेमा मिळाला. आमच्या पिढीला तोंडपाठ असलेला एक जुना विनोदी सिनेमा आहे, वेंधळ्या गुप्तहेराचा. तोच कोणीतरी नव्याने काढला होता आणि त्यात गुप्तहेराच्या सहायकाचं काम मेहुण्याकडे आलं होतं. संवाद एकच, “सापडलं, साहेब!” बाकी अकरा वेळा पडायचं. शिडीवरून, सायकलवरून, पिंपात, पिंपातून बाहेर, आणि मध्यंतरानंतर एकदा तीन मजल्यांच्या जिन्यावरून.

गंमत इथवर ठीक होती. पण निर्मात्याने एक शक्कल काढली होती. पहिले पंधरा दिवस मध्यंतरानंतर प्रत्येक प्रेक्षकाला एक चिठ्ठी आणि एक पेन्सिलीचा तुकडा मिळायचा. चिठ्ठीवर आसन क्रमांक घालायचा, खाली आपलं मत लिहायचं, आणि या मतांवरून सिनेमाच्या दुसऱ्या भागात कोणाला ठेवायचं, कोणाला घरी पाठवायचं हे ठरणार होतं. म्हणजे मेहुण्याची बावीस वर्षं त्या पेन्सिलीच्या तुकड्यावर येऊन टेकली होती. हे त्याने आम्हाला सांगितलं तेव्हा हसत सांगितलं, पण पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला होता.

बायको लगेच कामाला लागली. माझ्या भावाचं भलं झालंच पाहिजे, म्हणाली. तिने स्वतः तिकिटं काढली, आम्ही दोघं, मुलगी, समोरच्या शिलाईवाल्या वहिनी आणि वरच्या मजल्यावरचे काका. काका विम्याचे निवृत्त सर्वेक्षक. जळालेली गोदामं बघून ती पुरेशी जळालेली नाहीत असं लेखी देण्यात त्यांची हयात गेली. मेहुणा स्वतः येणार नव्हता. स्वतःला पडताना बघितलं की पुढच्या वेळी पाय उचलत नाही, म्हणे.

ज रांगेत अकरावर मुलगी, बारावर वहिनी, तेरावर बायको, चौदावर मी आणि पंधरावर काका असा माझा तक्ता होता. यात विचार होता. काका आणि वहिनी शेजारी आले असते तर सिनेमाभर चर्चा चालली असती.

मध्यंतरापर्यंत सगळे आपापल्या जागी होते, ते मी दर दहा मिनिटांनी बघत होतो. मध्यंतरात मी चहाला गेलो. रांग लांब. माझा नंबर आला आणि घंटा झाली. चहा उकळता, तो मी अपमान गिळावा तसा एका घोटात गिळला आणि भाजलेल्या जिभेने आत धावलो. आत मिट्ट काळोख. चाचपडत ज रांग गाठली, मोजत मोजत चौदावर आलो, तर तिथे एक गृहस्थ बसलेले. मी त्यांना माझ्या कार्यालयीन आवाजात सांगितलं, “ही जागा नेमून दिलेली आहे, उठा.” ते बिचारे उठले.

पडद्यावर एक विधुर पोस्टमन आपल्या मुलीला सायकल शिकवत होता. मी गुप्तहेराची वाट बघू लागलो. हा पोस्टमन म्हणजे वेषांतर केलेला गुप्तहेरच असणार, असा मला पक्का संशय आला, आणि तो कधी सायकलसकट पडतो याची मी तयारीने वाट बघत राहिलो. पडला नाही. वीस मिनिटांनी माझ्या ध्यानात आलं की त्या इमारतीत दोन पडदे आहेत आणि मी दुसऱ्यात बसलो आहे. त्याच क्षणी उठायला हवं होतं, हे मी मान्य करतो. पण ती मुलगी शिकायला परगावी निघाली होती आणि पोस्टमन तिला स्वतःच पत्र घालायला निघाला होता. अशा वेळी उठून जाणारा माणूस दगड असेल. मी शेवटपर्यंत बसलो आणि रुमाल पिळण्याइतका रडलो.

बाहेर आलो तेव्हा दुसऱ्या दारातून आमची मंडळी बाहेर येतच होती. बायकोने मला हाक मारली. माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणाली, “इतकं हसलात?”

“छे, काही विचारू नकोस,” मी म्हणालो. “तो जिन्यावरून पडतो तिथे तर कहरच केला!” हे मी बाहेर पडणाऱ्या लोकांच्या तोंडून ऐकलं होतं. “चिठ्ठीत भरभरून लिहिलं मी.”

बायको माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मला वाटलं, कौतुकाने.

पुढचे आठ दिवस आमच्या जिन्यात दुसरा विषय नव्हता. काकांचं म्हणणं, जुना बघितलेल्या माणसाने नवा बघूच नये. “जुन्यात गुप्तहेर दारात अडकायचा. नव्यात हा सबंध दार अंगात अडकवून बाजारातून फिरतो. याला विनोद म्हणत नाहीत, याला सुतारकाम म्हणतात.” त्यांनी चिठ्ठीची दोन्ही अंगं भरून वर एक पुरवणी जोडली होती. वहिनींना सिनेमा आवडला, पण गुप्तहेराच्या कोटाची डावी बाही एका दृश्यात मनगटापर्यंत आणि पुढच्यात अंगठ्यापर्यंत येते, हे बघितल्यापासून त्यांचं गोष्टीत लक्ष लागलं नाही. मुलीने जुना पाहिलाच नव्हता. तिच्या मते पहिला अर्धा तास कंटाळवाणा, पण मामा मस्त. मी सगळ्यांच्या मतांना मान डोलवत होतो. न बघितलेल्या सिनेमावर ठाम मत देणं फारसं अवघड नाही, फक्त आपण शेवटी बोलायचं असतं.

शनिवारी दुपारी मेहुणा आला. चपला दारात काढल्या, पण एक इकडे आणि एक तिकडे, तेव्हाच मला शंका आली. तो रोज कारखान्यातून सुटल्यावर चित्रपटगृहात जाऊन व्यवस्थापकाच्या परवानगीने चिठ्ठ्या वाचत बसायचा, हे मला माहीत होतं. खुर्चीच्या टोकावर बसून त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला.

“भावोजी, त्या दिवशी ज-चौदावर कोण होतं?”

“मी,” मी छाती पुढे काढून म्हणालो. बैठक व्यवस्थेबद्दल कोणी विचारलं की मला बरं वाटतं.

त्याने मान खाली घालून कागदावर उतरवून आणलेली चिठ्ठी वाचली. “सहायकाचं काम करणाऱ्या माणसाचं वय झालेलं दिसतं. त्याला पुढच्या भागात घेऊ नये. घेतल्यास बसून करायचं काम द्यावं. आसन ज-चौदा.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला.

“अरे, हे मी नाही लिहिलं!”

“बाकी एकशे अकरा लोकांनी चांगलं लिहिलंय, भावोजी. कोणी माझ्याबद्दल काहीच नाही लिहिलं, तेही चाललं. पण ‘वय झालेलं दिसतं’? घरच्या माणसानं?” त्याने दुसऱ्या खिशातून माझा तक्ता काढला आणि चौदा नंबरवर बोट ठेवलं. अक्षर माझं, खाली सही माझी, तारखेसकट. सव्वीस वर्षांत मी अनेक पोरांना असंच त्यांच्याच कागदांनी पकडलं होतं. पकडल्यावर ती पोरं कशी बघतात हे मला माहीत होतं, आतून कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं.

खरं म्हणजे एका वाक्यात सुटलो असतो. मी त्या खुर्चीत नव्हतोच, असं म्हणायचा अवकाश. पण मग कुठे होतात? शेजारच्या सिनेमात, पोस्टमनसाठी रडत होतो. ज्या माणसाच्या आयुष्यातला एकमेव जिना मी बघितला नव्हता आणि आठ दिवस ज्याची तारीफ करत होतो, त्याच्या तोंडावर हे कसं सांगायचं?

“पुढच्या रविवारी निर्माते ठरवणार आहेत,” मेहुणा उठत म्हणाला. चहा तसाच राहिला. “तोपर्यंत तुम्ही मला काही बोलला नाहीत तरी चालेल.”

“लिहिणाऱ्याला त्याआधी तुझ्यासमोर उभा करतो,” मी गरजलो. गरजताना आवाज चिरकला.

तपासाची बातमी काकांना कशी लागली ते सांगता येत नाही, पण दहाव्या मिनिटाला ते वही घेऊन खाली आले. म्हणाले, “सगळ्यात आधी तुमच्यावर संशय घेऊ. म्हणजे पुढे मोकळे.” मी म्हटलं, माझ्यावर घेऊन झालाय. मग त्यांनी एक मुद्दा काढला तो मात्र बिनतोड होता. मध्यंतरानंतर कोण कुठे बसलं होतं?

आणि मग जे बाहेर आलं ते ऐकून मला पाणी मागावं लागलं. मध्यंतरानंतर माझ्या तक्त्याचा पार बोजवारा उडाला होता! काका ऐकू येत नाही म्हणून पहिल्या रांगेत गेले होते. मुलगी मैत्रिणी भेटल्या म्हणून मागे. वहिनींना विचारलं तर त्या तोंडात टाचण्या धरून “हं हं” म्हणाल्या आणि मशीन चालू केलं. बायको म्हणाली, “मला काय आठवतंय? अंधार होता. तुम्ही शेजारी होतात ना, तुम्हीच सांगा.” यावर मी खोकलो.

इकडे माझा संशय चौफेर पसरला. काकांना जुना सिनेमा जिवापेक्षा प्यारा, तेव्हा नवा बुडावा असं त्यांना वाटणारच. वहिनींच्या त्या टाचण्या मला पटल्या नव्हत्या. मुलगी हल्ली मामाचं नाव निघालं की फोनमध्ये बघते, अर्थात ती कोणाचंही नाव निघालं की फोनमध्ये बघते. फक्त बायकोवर मी संशय घेतला नाही. तिकिटं तिने काढली होती, जिन्यातल्या प्रत्येकाला “भावाबद्दल चांगलं लिहा हं” असं तिने बजावलं होतं. संशयालाही काही मर्यादा असते.

काकांच्या सांगण्यावरून दुसऱ्याच दिवशी, म्हणजे या रविवारी भर दुपारी हस्ताक्षर चाचणी ठेवली. चिठ्ठी अंधारात, मांडीवर, पेन्सिलीच्या तुकड्याने लिहिली होती, म्हणून चाचणीही तशीच हवी असा त्यांचा आग्रह. बैठकीच्या खोलीचे पडदे लावले, फटींमध्ये टॉवेल खुपसले आणि दिवे बंद केले. मी खुर्च्या एकमेकींपासून नियमाप्रमाणे दूर मांडल्या. मजकूर काकांनी सांगायचा होता. ते सांगायला उठले आणि त्यांची काठी माझ्या पायात आली. मी टेबलावर, टेबलावरचा पाण्याचा जग वहिनींवर, आणि वहिनी ओरडल्या म्हणून मुलीने फोनचा उजेड पाडला तेव्हा मी काकांच्या गळ्यात पडलेला होतो.

“मामाचं काम तुम्हालाच द्यायला हवं होतं, बाबा,” मुलगी म्हणाली.

मी जग उचलून जागेवर ठेवला. चाचणी पुन्हा घेतली. निकाल असा की पाचही जणांचं अक्षर हुबेहूब सारखं आलं. ओळी चढावर, अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर, मात्रा भलत्याच शब्दावर. काकांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं आणि मूळ चिठ्ठी न बघताच सांगितलं, की मूळ अक्षराशी माझं अक्षर सर्वात जास्त जुळत असणार.

मूळ चिठ्ठी बघणं भागच होतं. सोमवारी अर्धी रजा टाकून मी चित्रपटगृहात गेलो. व्यवस्थापक शिस्तीचा माणूस निघाला. एरवी मला असा माणूस आवडला असता.

“चिठ्ठी बघायला मिळणार नाही. मत गोपनीय असतं.”

“सहायकाचं काम करणारे रोज बघतात की!”

“ते कलाकार आहेत. तुम्ही कोण?”

“ज-चौदाचा प्रेक्षक.”

“मग तुम्हीच लिहिलीत. स्वतःचं मत पुन्हा कशाला बघायचंय?”

“मी लिहिलेलं नाही, म्हणून तर बघायचंय.”

“तुम्ही लिहिलेली नसेल तर मग ती दुसऱ्याची झाली. दुसऱ्याची दाखवता येत नाही.”

शेवटी तोडगा निघाला. मत देणाऱ्याला आपलं मत तपासून बघण्यासाठी एक नोंदवही होती. त्यात ‘वरील मत माझेच आहे’ या ओळीखाली सही केली की चिठ्ठी पाच मिनिटं हातात मिळत होती. मी सही केली. निर्दोष ठरण्यासाठी आधी लेखी गुन्हा कबूल करावा लागणारा या शहरात मी एकटाच असेन. चिठ्ठी हातात आली आणि तिच्यावरून काहीच कळलं नाही. ओळी चढावर, अक्षरं एकमेकांच्या खांद्यावर. काकांचं भिंगही वाया गेलं.

पायऱ्या उतरत होतो, तर दारावरचा टॉर्चवाला म्हातारा स्टुलावरून म्हणाला, “काय साहेब, आज कुठल्या पडद्याला रडायचंय?”

मी दचकलो. या इमारतीत साक्षीदार होता तर!

“साहेब, आता बाईंना बरं आहे ना?” तो पुढे म्हणाला.

“कोणत्या बाई?”

“तुमच्या. त्या दिवशी तुम्ही डोळे पुसत त्या दारानं बाहेर आलात आणि ज्यांनी तुम्हाला हाक मारली, त्या. तुमची खुर्ची रिकामी होती. त्यांच्या पुढं एक ताडमाड माणूस येऊन बसला, म्हणून त्या चौदावर सरकल्या. पण सरकून काय उपयोग? त्या पडद्याकडं बघतच नव्हत्या. डोळे गच्च मिटलेले. थेटर हसलं की एक खुर्ची सोडून बसलेल्या तुमच्याबरोबरच्या बाईंना विचारायच्या, ‘उठला का?’ त्या ‘उठला’ म्हणायच्या, मग या श्वास सोडायच्या. मला वाटलं, चक्कर येतेय की काय, म्हणून पाणी दिलं. तर पाणी राहिलं बाजूला, मला विचारतात, ‘या चिठ्ठ्या खरंच वाचतात का हो?’”

घरापर्यंत मी पायी आलो. वाटेत कोणावरही संशय घेतला नाही.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हणालो, “टॉर्चवाला भेटला होता.”

तिने हातातला टॉवेल दोनदा घडी केला, पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केला. मग म्हणाली, “अकरा वेळा पडला. मी मोजलं.”

“डोळे मिटून?”

“आवाज येतो ना.” ती पलंगावर बसली. “लोक हसत होते आणि मला त्याचं डोकं आपटल्याचा आवाज ऐकू येत होता. मध्यंतराच्या आधी तो पिंपातून पडला ना, तेव्हा पडताना त्यानं डावा गुडघा धरला. ते गोष्टीत नव्हतं. मला माहितेय त्याचा गुडघा. अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे तो, अजून पंधरा वेळा पडायला लावतील त्याला. तोंडावर कसं सांगू? इतक्या वर्षांनी काहीतरी मिळालंय. म्हणून लिहिलं. चौदा नंबर घालायचा नव्हता, पण खुर्चीच्या हातावर दिसला तो टाकला. तुमचं नाव पुढे येईल हे डोक्यातच आलं नाही.”

“मग शनिवारपासून गप्प का बसलीस? मी चोर ठरलो, काकांच्या गळ्यात पडलो!”

“तुम्ही का गप्प बसलात?” ती म्हणाली. “जिन्यावरून पडतो तिथे कहर केला म्हणे. तुमच्याच खुर्चीत बसले होते मी.”

मी तिला पोस्टमनची गोष्ट सांगितली. मुलीला पत्र घालायला निघतो तिथे आलो तर तिचेही डोळे भरले, आणि मग आम्ही दोघांनी न बघितलेल्या दोन सिनेमांसाठी एकाच टॉवेलला डोळे पुसले. शेवटी मी म्हणालो, “नोंदवहीत सही केलेलीच आहे. मीच लिहिलं असं सांगतो त्याला. मेहुण्याचा राग भावोजीवर शोभतो, बहिणीवर नाही.” हे माझं वाक्य मला फार आवडलं. बायको मात्र “बघू” एवढंच म्हणाली.

ते वाक्य बोलायची संधी मला मिळालीच नाही. ठरलेल्या रविवारी संध्याकाळी मेहुणा आला तो जिन्यापासूनच ओरडत. “भावोजी!” आणि आत येऊन त्याने मला कडकडून मिठी मारली. “घेतलं! दुसऱ्या भागात घेतलं! आणि तुमच्या चिठ्ठीमुळं घेतलं!”

“म्हणजे?”

“निर्मात्यांनी सगळ्यांसमोर वाचली. ‘बसून करायचं काम द्यावं.’ मी म्हटलं, संपलं. तर दिग्दर्शक उठून उभेच राहिले! म्हणाले, अरे, ही काय कल्पना आहे! पुढच्या भागात सहायक अख्खा सिनेमा चाकांच्या खुर्चीत. खुर्ची उतारावरून सुटते, जिन्यावरून सुटते, धक्क्यावरून बोटीत जाते! सव्वीस वेळा पडायचंय, भावोजी. खुर्चीसकट! आणि पोस्टरवर माझं चित्र!”

बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी तिला डोळ्यांनी गप्प बस म्हणून सांगितलं, पण ती माझं ऐकते असा कोणालाच संशय नाही.

“ती यांनी लिहिली नाही,” ती म्हणाली. “मी लिहिली. तुला काढावं म्हणून लिहिली.”

मेहुण्याचे हात माझ्या खांद्यांवरून खाली आले.

“तू? ताई, तू?”

“मला बघवत नाही रे. तू पडतोस आणि सगळे हसतात.”

मला वाटलं आता हा चपला शोधणार. पण त्याचा आवाज आला तो अगदी लहान पोराचा. “आई गेली तेव्हा तू महिनाभर बोलत नव्हतीस, आठवतं? मी सात वर्षांचा होतो. मला काही सुचत नव्हतं. एके दिवशी तू जेवायला बसली होतीस आणि मी मुद्दाम बाकावरून पडलो. पाटावर, ताटासकट. तू हसलीस. ताई, मला आयुष्यात तेवढंच येतं. आणि ते तुझ्यामुळं येतं.”

बायकोने पदर तोंडाला लावला. तेव्हा मेहुण्याने इकडेतिकडे बघितलं, मुलीची अभ्यासाची चाकांची खुर्ची ओढली, तिच्यावर ताठ बसला आणि म्हणाला, “बघ तर खरं, कसं करणार ते. यात काही लागत नाही, सगळं हिशेबातलं असतं.” त्याने भिंतीला पाय लावून रेटा दिला. खुर्ची सुसाट सुटली, दाराच्या उंबऱ्याला अडली, तो हवेत एक गिरकी घेऊन जमिनीवर पसरला, खुर्ची त्याच्यावर आली, आणि तिच्याखालून एक हात वर करून तो ओरडला, “सापडलं, साहेब!”

आणि बायको हसली. आधी पदराआडून, मग मोकळी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी तिला कित्येक वर्षांत तशी हसताना बघितलं नव्हतं. मेहुणा खालून तिच्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा नुसता उजळला होता. मग तो उठला. उठताना त्याने एक हात खुर्चीवर टेकला आणि दुसरा, कोणाच्या लक्षात येणार नाही असा, कंबरेवर दाबला. ओठही चावला. मी चटकन बायकोकडे बघितलं. तिने ते बघितलं होतं. सगळं बघितलं होतं, आणि ती हसायची थांबली नव्हती.

जरा वेळाने ती आत गेली आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. ती माझ्यासमोर धरून म्हणाली, “अहो, सकाळपासून तुमची कंबर दुखतेय ना? घ्या, शेका.”

माझी कंबर ठणठणीत होती. मी पिशवी घेतली, कण्हलो, आणि मेहुण्याकडे दिली. “अरे, तू आधी बघ बरं, फार गरम तर नाही ना. मला भाजेल की काय असा संशय येतोय.”

त्याने पिशवी कंबरेला लावली, डोळे मिटले, आणि म्हणाला, “थोडी गरम आहे, भावोजी. जरा निवू दे.”

पाऊण तास तो ती माझ्यासाठी निववत बसला.